आत्यांच्या नावाची डबी

बाईंनी बर्फासारखी गार नळी रुमालात धरली, खिडकीच्या उजेडात नेली आणि तिच्यावरचा आकडा तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचला.

"एक्केचाळीस, आडवी रेघ, सात."

टेबलापलीकडे प्रयोगशाळेतला गणिती नोंदवहीतल्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. "एक्केचाळीस, आडवी रेघ, सात. आत्या. तेव्हाचं वय सदुसष्ट. बाई, तुम्ही दिवसभर वाचत बसलात तरी तो आकडा काही लाजून बदलायचा नाही."

"आणि दुसरी?"

"दुसरी मागच्या पंधरवड्यातली. रक्त तुम्ही काढलंत, चिठ्ठी तुम्ही चिकटवलीत, मांडीवर ठेवून इथवर तुम्हीच आणलीत. तिच्यात गफलत असेल तर ती तुमची. आणि तुमच्या हातून गफलत झाल्याचं मी तरी सोळा वर्षांत पाहिलेलं नाही."

तो हे धीर द्यायला म्हणाला होता, पण बाईंना धीर आला नाही. त्या स्टुलावर बसल्या, लगेच उठल्या, नळी जागेवर ठेवून आल्या आणि हातमोजा काढायचं विसरून त्याच हातानं कपाळावरचे केस मागे सारू लागल्या.

प्रकार असा होता, की पहिल्या नळीतल्या आत्यांमध्ये तो दोष होता आणि दुसऱ्या नळीतल्या आत्यांमध्ये तो नव्हता. माणसाचे केस पिकतात, दात पडतात, स्वभावसुद्धा कधीमधी बदलतो. पण जन्मासोबत पेशीपेशीत लिहून आलेला मजकूर अकरा वर्षांत पुसला जात नाही. निदान बाई आजवर जे शिकल्या आणि त्यांनी जे शिकवलं, त्यात तरी तसं कुठं नव्हतं.

या एका दोषामागे त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. मेंदू हळूहळू झिजवणारा आजार, एकाच घराण्यात पिढ्यान् पिढ्या उतरत आलेला. चाळिशी ओलांडली की आधी हात बेभरवशाचे होत, मग जीभ, मग आठवण, आणि दहा-बारा वर्षांत माणूस अंथरुणावर स्वतःचं नावही हरवून संपून जाई. आईबापांपैकी एकात दोष असला तर प्रत्येक लेकराच्या वाट्याला तो येण्याचा संभव निम्मा. घराणं कपडे शिवणाऱ्यांचं होतं. त्यांनी आजाराला आपलं घरचं नाव ठेवलं होतं. कापड बेतताना एखाद्याची कात्री खडूची रेघ सोडून भरकटायला लागली, की घरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे न बघता म्हणत, "त्याची रेघ सुटली."

अकरा वर्षांपूर्वी बाई या घराण्यातल्या माणसांच्या दारोदार फिरल्या होत्या. जे आजारी होते त्यांचं रक्त घेतलं, धडधाकट माणसांकडे झाकणाच्या छोट्या डब्या ठेवल्या. डबीत खुणेच्या रेघेपर्यंत थुंकायचं, झाकण घट्ट लावायचं, दुसऱ्या दिवशी बाई येऊन घेऊन जाणार. पोरांनी त्यांना 'थुंकीवाल्या बाई' म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता ते नाव थोरामोठ्यांच्याही तोंडी बसलं. त्या नमुन्यांतूनच पुढे दोषाची नेमकी जागा सापडली. आपल्यात तो आहे का, हे ज्यांना जाणून घ्यायचं होतं त्यांना समुपदेशकासमोर बसवून सांगितलं गेलं. ज्यांना नको होतं त्यांना कुणी एका शब्दानं छेडलं नाही. धडधाकट म्हाताऱ्यांच्या डब्यांतले नमुने मात्र नळ्यांत तसेच गोठून राहिले. ज्यांना काही झालंच नाही, त्यांच्यात काय शोधायचं?

यंदा सवड झाली तेव्हा ते राहिलेले नमुने तपासायला काढले, आणि आत्यांच्या नळीत दोष निघाला.

पाच भावंडांतल्या त्या थोरल्या. पाठच्या तिघा भावांची आणि एका बहिणीची रेघ सुटली. चौघांचंही त्यांनी अंथरुणापासून शेवटापर्यंत सगळं केलं. स्वतः अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पायमशीन चालवत होत्या आणि गिऱ्हाइकांच्या मापांची वही न उघडता सांगत होत्या, कुणाचा डावा खांदा उतरता आहे ते. अशा बाईच्या अंगात दोष असेल आणि तो तिला बाधला नसेल, तर दोषाला अडवणारंही काहीतरी तिच्याच अंगात असलं पाहिजे. ही बातमी ऐकून संस्थेचे साहेब खुर्चीतून उठले होते. ते सहसा कुणासाठी उठत नसत. लेखाचा मसुदा तयार झाला, परिषदेत बाईंच्या भाषणाची वेळ ठरली. राहिलं होतं ते एकच: ताज्या रक्तानं पडताळा घेणं.

आणि त्या पडताळ्याच्या दिवशीच बाईंकडून एक चूक झाली होती. आता ती त्यांना राहून राहून आठवत होती.

आत्यांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, एक उभा आरसा, दोरीवर टांगलेले बिनबाह्यांचे कोट. दुसऱ्या मशीनवर त्यांची भाची बसायची. सगळ्यात धाकट्या भावाची ती एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, बाप आजारात गेला, तिला वाढवली ती आत्यांनीच. आता एकोणचाळिशीची झाली तरी तिचं घरातलं नाव ठकीच होतं. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलं, की ठकी टेप गळ्यात टाकत म्हणायची, "मापाचा मिळाला नाही." अकरा वर्षांपूर्वी बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा तिनं दारातच हात जोडले होते. "मला यात धरू नका. मला काही द्यायचं नाही, आणि काही ऐकायचंही नाही." बाईंनी ते शब्द पाळले होते.

त्या दिवशी रक्त काढण्यासाठी बाई शीर शोधत होत्या, तेव्हा आत्या म्हणाल्या, "माझं रक्त घेऊन काय करणार? मी यातून सुटलेली. पाचांत मीच एकटी. धाकटा जायच्या आधी वाचा गेली होती त्याची, पण माझ्याकडे असा टक लावून बघायचा. जणू विचारायचा, तूच कशी गं?"

दुसऱ्या नमुन्यानं पक्कं झाल्याशिवाय कुणाला अवाक्षर सांगायचं नाही, हा नियम बाईंनी स्वतः लिहिलेला होता. पण म्हातारीचा तो चेहरा बघून त्यांना राहवलं नाही.

"तुम्ही सुटलेल्या नाही, आत्या. तो तुमच्यातही आहे. असूनही तुम्ही अशा ठणठणीत आहात, म्हणून तर मी धावत आले."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मोकळ्या हातानं त्यांनी मांडीवर थाप मारली. "ठके, ऐकलंस का? माझ्यातही आहे म्हणे! आणि मी बघ, घोड्यासारखी!"

दुसऱ्या मशीनचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"ऐकलं, आत्या," ठकी म्हणाली.

बाईंनी तिकडे मान वळवली नव्हती. त्यांना शीर सापडली होती.

आणि आता नवी नळी सांगत होती, की आत्यांमध्ये काही नाही.

"म्हणजे यंत्र चुकलं," बाई म्हणाल्या.

"यंत्र दोनदा चालवलं. आणि नुसता दोषच वेगळा नाही, बाई. सगळंच वेगळं आहे." गणितीनं पडदा त्यांच्याकडे वळवला. "ही दोन माणसं आहेत. दोघी बाया. परक्या मात्र नाहीत. सख्ख्या बहिणी असत्या तर निम्मा मजकूर जुळला असता, मायलेकी असत्या तरी निम्मा. इथं पाव जुळतोय. पाव म्हणजे आजी आणि नात, नाहीतर आत्या-मावशी आणि भाची."

"आत्यांना मूलबाळ नाही."

"मग भाची. किती भाच्या आहेत त्यांना?"

"सहा." बाई खाली बसल्या. "दोघींचे नमुने आपल्याकडे आहेत."

"ते मी ताडून बघितले. त्या नव्हेत. राहिल्या चार." गणितीनं पेन्सिल कानामागे खोवली. "तिघा भावांपैकी एकाचं रक्त शीतपेटीत आहे, सगळ्यात धाकट्याचं. या जुन्या नळीशी लावून बघू? निम्मं जुळलं तर ही त्याची मुलगी. अर्ध्या तासाचं काम."

त्या धाकट्या भावाला एकच मुलगी होती, हे गणितीला माहीत नव्हतं. बाईंना होतं.

"राहू दे," त्या म्हणाल्या.

"राहू दे?"

"नको. तपासू नकोस."

गणितीनं पेन्सिल कानामागून काढून खाली ठेवली. सोळा वर्षांत बाईंनी 'तपासू नकोस' म्हटल्याचं त्यानं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं.

दुसऱ्या दिवशी बाई आत्यांकडे निघाल्या खऱ्या, पण कशासाठी, ते त्यांचं त्यांनाच नीट सांगता आलं नसतं. आत्यांना खरं सांगायला हवं होतं, तो त्यांचा हक्क होता. पण तुमच्यात दोष नाही म्हटल्यावर आत्या विचारणार, मग त्या डबीत कुणाची थुंकी होती? बरं, ती ठकीचीच कशावरून? आणखी तिघी होत्याच की. पण त्या तिघी तीन गावांना, एक तर समुद्रापलीकडे. बाई बसमध्ये एकदा ठरवत, की फक्त आत्यांशी बोलायचं. पुढच्या थांब्याला वाटे, आधी ठकीला गाठावं. आणि त्याच्या पुढच्या थांब्याला वाटे, उतरावं आणि परत जावं. असल्या घोळात त्यांचा थांबा मागे पडला आणि त्यांना उलटं चालत यावं लागलं.

दुकानात ठकी एकटीच होती. उंच टेबलावर करड्या रंगाचं कापड पसरून बेतत होती.

"आत्या माप घ्यायला गेलीय. येईल एवढ्यात. बसा," ती म्हणाली आणि पुन्हा कात्री धरली.

बाई स्टुलावर बसल्या. कापडावर पांढऱ्या खडूची एक लांब रेघ होती, बगलेपाशी वळणारी. कात्री त्या रेघेवरून करकर करत पुढे येत होती. बाईंनी आरशाकडे बघितलं, दोरीवरच्या कोटांकडे बघितलं, आपल्या चपलांकडे बघितलं. नजर दर वेळी फिरून त्या कात्रीवर यायची.

"नीट बघा की," ठकी मान वर न करता म्हणाली. "सरळ चाललीय अजून."

बाईंच्या हातातली पिशवी घसरली.

"मी काही..."

"अकरा वर्षं येताय. माझ्या हाताकडे कधी बघितलं नव्हतंत. ते मला बरं वाटायचं." ठकीनं वळण पूर्ण केलं, कापलेला तुकडा बाजूला ठेवला. "आज उंबरा ओलांडल्यापासून बघताय. म्हणजे कळलं तुम्हाला. डबी मी भरली होती."

बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली. विचारायचे म्हणून ठरवलेले सगळे प्रश्न एकाएकी बिनकामाचे झाले होते.

"आत्याला ताप होता तेव्हा," ठकी सांगू लागली. "तोंडाला कोरड पडलेली. डबी घेऊन अर्धा तास बसली बिचारी, पण थेंबभर निघेना. आत बाबा ओरडत होते. मी म्हटलं, दे इकडे, थुंकी ती थुंकी, घरातलीच आहे. तुम्ही सकाळी येणार होतात. रिकामी डबी दिली असती तर तुम्ही पुन्हा आला असतात, पुन्हा मला विचारलं असतंत. त्यापेक्षा भरून टाकली." ती हसली. "मला यात धरू नका म्हणणारी मीच, आणि आपल्या पायानं चालत जाऊन बसले."

"म्हणजे त्या दिवशी मी आत्यांना सांगितलं, तेव्हा..."

"मला सांगितलंत."

रस्त्यावरून एक भंगाराची गाडी खडखडत गेली.

"नियम होता," बाई म्हणाल्या. "माझाच होता. पक्कं झाल्याशिवाय बोलायचं नव्हतं. मी... तुझी माफी कशी मागावी ते मला कळत नाही."

"तुम्हाला काय स्वप्न पडलं होतं?" ठकीनं खडूची भुकटी फुंकली. "मला वाटायचं, असलं काही कानावर आलं तर मी जागच्या जागी कोसळेन. मी कॉलर लावत होते. ती लावली. गिऱ्हाईक संध्याकाळी घेऊन गेलं. चांगली बसलीय म्हणालं."

बाईंना समुपदेशकाचं नाव सांगायचं होतं, भेटीची वेळ ठरवून देते म्हणायचं होतं. त्यांनी ते म्हटलंही, पण मधेच वाक्य विसरल्या आणि ठकीनं ते पूर्ण केलं. "येईन की. कधीतरी येईन. पण एक करा. आत्याला यातलं काही सांगू नका."

"त्यांच्या रक्तात दोष नाही, ठकी. हे त्यांना कळायला हवं. आनंदाचीच गोष्ट आहे ही."

"तिच्यासाठी नाही." ठकीनं कात्री मिटून टेबलावर आडवी ठेवली. "इतकी वर्षं तिला एकच सल होता, आपण एकट्या कशा सुटलो. तुम्ही सांगितल्यापासून गुणगुणत काम करते. तिला वाटतं, आपणही त्या चौघांतल्याच. डबीचं ती पार विसरून गेलीय, तापात कुठलं आठवायला? आता पुन्हा सांगाल, की तुम्ही सुटलेल्याच. वर सांगाल, की जिला सुटायला हवं होतं ती सुटली नाही. कशासाठी? तिचे किती दिवस राहिलेत?"

बाईंकडे यावर उत्तर होतं. उत्तर नियमांच्या पुस्तकात होतं, आणि ते पुस्तक लिहिणाऱ्या मंडळीत बाई होत्या. तरी त्या क्षणी त्यांना त्यातलं एकही वाक्य जुळवता येईना. कुणाचं सत्य कुणाच्या हवाली करायचं, हेच त्यांना उमगेनासं झालं.

"आलात होय?" दारातून आवाज आला. आत्या पिशवी सावरत आत आल्या, घाम टिपत. "ठके, त्या वकिलाचं पोट दोन बोटं वाढलंय. तो म्हणतो कापड आटलं. मी म्हटलं, अहो, कापड अजून दुकानातच आहे, आटेल कशाला?" मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "काय हो, माझं रक्त बरं निघालं ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "छान निघालं."

"निघणारच. जुना माल आहे."

ठकी हसली. बाईही हसल्या. बाई जायला उठल्या, तशा आत्याही उठल्या. "चला, कोपऱ्यापर्यंत सोडते."

"अगं, आत्ताच तर आलीस," ठकी म्हणाली.

"असू दे. पाय मोकळे होतील."

कोपरा आला. आत्या थांबल्या नाहीत. औषधांच्या दुकानापुढून, शाळेच्या भिंतीकडेनं बस थांब्याच्या दिशेनं चालत राहिल्या. शाळेचं फाटक ओलांडल्यावर त्यांनी एकदा मागे वळून बघितलं.

"माझ्यात नाहीये ना?"

बाईंचा पाय अडखळला.

"अहो, खरं ते सांगा. त्या डबीत थुंकले का मी? ताप होता म्हणून काय डोकं गहाण टाकलं होतं? ती पोर माझ्यासमोर, खिडकीकडे तोंड करून थुंकत होती. रेघेपर्यंत भरायला तिलाही बराच वेळ लागला. मी गंमत बघत होते." आत्यांचा आवाज कोरडा, सरळ होता. "तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, तुमच्यातही आहे म्हणून, तेव्हाच कळलं मला कुणात आहे ते."

"पण तुम्ही तर... तुम्ही हसलात. मांडीवर थाप मारलीत."

"मग काय करायचं? ती दोन हातांवर बसलेली. मी रडले असते, तर तिला लगेच उमजलं असतं. तिला कुठं आठवतंय डबीचं! त्या दिवसांत तिला बापापुढं दुसरं काही सुचत नव्हतं." आत्यांनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. "म्हटलं, तिला वाटू दे की आत्यात आहे. असूनही आत्या धावतेय. उद्या तिचा हात कापायला लागला, तर माझ्याकडे बघून तिला धीर येईल. म्हणून दिवसभर गुणगुणत असते. मला मेलीला सूर नाही, तरी."

दोन्ही गोष्टी बाईंच्या जिभेवर होत्या, आणि दोन्ही कुणाला तरी न सांगण्याच्या वचनात अडकल्या होत्या. वचन त्यांनी कुणालाच दिलं नव्हतं, हेही खरं. फक्त दोघींनी ते त्यांच्याकडून गृहीत धरलं होतं.

"तिला सांगू नका हं," आत्या म्हणाल्या.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. साहेब होते. त्यांचा आवाज मोठा, शेजारून चालणाऱ्यालाही ऐकू जाईल असा.

"काय चाललंय? गणिती म्हणतो, दोन माणसांचे नमुने आहेत. परिषद तोंडावर आली आहे."

"हो, सर. लेख मागे घ्यावा लागेल. जुना नमुना आत्यांचा नव्हता."

"मग कुणाचा?"

आत्या समोर बघत चालत होत्या. त्यांची चाल मंदावली नाही की वाढली नाही.

"माहीत नाही, सर."

"तो म्हणाला, एका भावाच्या रक्ताशी ताडून अर्ध्या तासात कळेल."

"ज्या कुणाचा नमुना आहे, तिनं संमती दिली नव्हती. त्यामुळे तो तपासता येणार नाही. नष्ट करावा लागेल. मी उद्या आल्यावर करते."

"अकरा वर्षं, बाई," साहेब म्हणाले.

"हो, सर."

त्यांनी फोन ठेवला. बाईंनीही ठेवला, आणि पिशवीचं बटण चुकीच्या काजात अडकवलं. आत्यांनी ते काढून नीट लावून दिलं. हात पिशवीवरच ठेवून त्यांनी विचारलं, "पण माझ्यात नाही, हे पक्कं ना? दोनदा बघितलंत?"

"दोनदा बघितलं. नाही."

आत्यांनी श्वास सोडला. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. "म्हणजे डोकं शाबूत राहील."

"राहील."

"आता बघा." आत्या बोटांवर मोजू लागल्या. "ती एकोणचाळीस. आमच्या चौघांनाही त्रेचाळीस-चव्वेचाळीसला सुरू झालं. पुढं धरा दहा-बारा वर्षं. पहिली तीन-चार तर माणूस आपलं आपण करतं, नुसतं जवळ बसावं लागतं. नंतरचं जड. धाकट्याला मी एकटी उचलायची, पण तेव्हा सत्तरीच्या आत होते." त्या थांबल्या, हिशोब चुकल्यासारख्या पुन्हा पहिल्या बोटावर आल्या. "म्हणजे मला चौऱ्याण्णव-पंचाण्णवपर्यंत तरी राहायला हवं. नुसतं राहून उपयोग नाही, हातीपायी धड राहायला हवं. बाई, तुमच्या शास्त्रात त्याला काय सांगितलंय?"

बाईंनी खूप वाचलं होतं. या विषयावर जगभर लोक काय काय म्हणतात ते त्या तासभर सांगू शकल्या असत्या. त्यांना फक्त एकच गोष्ट नक्की आठवली.

"रोज चालावं म्हणतात, आत्या."

"किती?"

"अर्धा तास तरी. जरा जोरात."

थांबा आला होता. बाकावर एक माणूस वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला होता. बाई थांबल्या. आत्यांनी बाकाकडे बघितलं, मग पुढे सरळ गेलेल्या रस्त्याकडे.

"इथपर्यंत कितीक झालं असेल?"

"दहा मिनिटं."

"मग पुढच्या थांब्यावर बसा की. तुमची बस तिथूनही जाते."

त्यांनी पदर कमरेला खोचला आणि चालू लागल्या, जरा जोरात. बाईंना त्यांच्या बरोबरीनं यायला लांब ढांगा टाकाव्या लागल्या. मागून बस आली, त्यांच्या बाजूला येऊन क्षणभर मंदावली. दोघींपैकी कुणीच हात केला नाही.